वीज, पाणी आणि चढणीचा मासा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की धरणं, वीज आणि नदीतले मासे ह्याबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना इथं जागा देणं शक्य नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं थोडी कापलीत. नावं छापलेली नाहीत, फक्त गाव किंवा तालुका दिलाय.

हुक्केरी तालुक्यातून: आमच्या लहानपणी मृगाचा पाऊस पडला की ओढ्यात चढणीचे मासे मिळायचे, बुट्टी भरून घरी यायचे. आता पाऊस पडतोय, नदी भरतेय पण मासा काय चढंना झालाय. लोक म्हणतात हिडकलला वीज काढायला लागले तेव्हापासून असं झालं. खरं काय ते सांगा की.

अर्धं खरं आहे. मासा का चढतो ते आधी बघू. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं, पाणी थोडं गार झालं आणि नदी एकदम फुगली की माशाला कळतं की अंडी घालायची वेळ आली, मग तो वरच्या अंगाला उथळ पाण्यात, ओढ्यात, गोट्यांच्या जागी, बुडालेल्या शेताच्या कडेला जातो. धरण झालं की एक तर वाट बंद होते, हे सगळ्यांना दिसतं. पण दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पहिला लोंढा धरणातच अडतो, खाली येतच नाही, त्यामुळं खालच्या माशाला पावसाळा लागलाय ही वर्दीच मिळत नाही. घटप्रभेवरचं हिडकल ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) धरण आहे, ते भरेपर्यंत आपल्याकडं जुलै जातो, कधी ऑगस्ट येतो, आणि दारं उघडून पाणी खाली येतं तेव्हा माशाचा हंगाम अर्धा सरलेला असतो. धरणाखाली ओढ्यांचं आणि उपनद्यांचं पाणी येतं म्हणून थोडाफार मासा अजून चढतो, एवढंच.

आता वीज. हिडकल धरण १९७७ मधे पुरं झालं ते शेतीच्या पाण्यासाठी, ३२ मेगावॅटचं पावर हाऊस नंतर आलं, आणि ते बहुतेक शेतीला, प्यायला जे पाणी सुटतं त्याच्यावरच चालतं. उद्या पावर हाऊस बंद केलं तरी तुमचा चढणीचा मासा परत येणार नाही, कारण भिंत तिथंच आहे आणि पाणी अडवायचं कारण पण तिथंच आहे. पण पाणी कुठल्या तासाला किती सोडायचं ह्याच्यावर विजेच्या गरजेचा प्रभाव पडतो, आणि माशाचं खरं नुकसान तिथं होतं, त्याच्यावर खाली एक प्रश्न आहे तो वाचा. शिवाय वाळू उपसा, करंट लावून मासे मारणं, ओढे जेसीबीनं सरळ करून टाकणं, हे सगळं धरणाच्या खात्यावर टाकून आपण मोकळं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक चांगली गोष्ट पण सांगतो. धरणाच्या वरच्या बाजूचा मासा अजून चढतो, बॅकवॉटरच्या शेवटाला जिथं घटप्रभा आणि ताम्रपर्णीचं वाहतं पाणी धरणात शिरतं तिथून तो चंदगडच्या बाजूला जातो. तिथं पहिल्या पावसाच्या त्या थोड्या आठवड्यांत नदीच्या आडवी जाळी लावली नाहीत तरी धरणातला मासा आपोआप वाढेल, ह्याला एक रुपया खर्च नाही.

बेळगाव शहर, एक हायस्कूलच्या बाई: परदेशात धरणाला माशांसाठी जिना असतो, त्याला फिश लॅडर म्हणतात असं मुलांच्या पुस्तकात वाचलं. आपल्याकडं का नाही करत?

बाई, प्रश्न फार चांगला आहे. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून असा जिना आहे आणि सॅमन मासा तो चढतो. पण सॅमन उड्या मारणारा, जोरात पोहणारा मासा, त्याच्या अंगाच्या हिशेबानं केलेला जिना आपल्या शिंगाड्याला, वामला, मरळला चालेलच असं नाही, ते तळाशी राहणारे किंवा संथ पाण्यातले. थायलंडमधे मून नदीवर पाक मून म्हणून १३६ मेगावॅटचं धरण १९९४ ला झालं, मेकाँगची उपनदी ती, तिथं जिना बांधला आणि तिथले मासे काय नीट चढले नाहीत, कोळी लोकांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं, शेवटी सरकारला वर्षातले काही महिने धरणाची दारंच उघडी ठेवायला लागली. आपल्या देशात पण पंजाबमधे हरिकेला, बंगालमधे फरक्काला माशांसाठी सोय केलेली आहे. ही दोन्ही बॅरेजं आहेत, म्हणजे उंचीला कमी.

हिडकल किंवा मलप्रभेवरचं नविलुतीर्थ एवढ्या उंचीच्या धरणाला जिना बांधून उपयोग नाही हे माझं स्पष्ट मत. चुकून मासा वर चढला तरी पुढं मैलोगणती साठलेलं पाणी, प्रवाह कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही, आणि अंड्यातनं निघालेलं पिल्लू खाली येताना ह्याच साठ्यात अडकतं. जिना कमी उंचीच्या बंधाऱ्याला करावा, तिथं तो स्वस्तात होतो, कधी कधी तर नुसता दगडगोट्यांचा उतार करून बाजूनं पाणी काढून दिलं तरी भागतं.

गोकाक, कॉलेजचा विद्यार्थी: आमच्या धबधब्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्यावर ताकद काढतात. मग घटप्रभेतला मासा तिथंच संपायला पाहिजे होता, नाही का?

गोकाकची गोष्ट जरा वेगळी आहे. तो धबधबा ५२ मीटरचा, म्हणजे १७० फूट सरळ कडा, तिथून कुठलाच मासा कधी वर चढलेला नाही, माणूस यायच्या आधीपासून नाही. वरची घटप्रभा आणि खालची घटप्रभा ह्या माशांच्या दृष्टीनं पहिल्यापासूनच दोन वेगळ्या नद्या. गिरणीसाठी १८८७ ला धबधब्याच्या पाण्याचा वापर सुरू झाला, त्यानं चढणीची वाट तोडली नाही कारण वाट नव्हतीच. म्हणून जागा बघून बोलायला पाहिजे, सगळीकडं एकच नियम लावता येत नाही.

पण वरनं खाली येणारा मासा असतो ना, त्याचा विचार करायला लागतो. पाणी पाइपातनं टर्बाइनला जातं तेव्हा सोबत मासा गेला तर पात्यांचा मार बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे दाब एकदम बदलतो, पोटातली हवेची पिशवी फुटते. सगळी टर्बाइनं सारखी नसतात. कमी उंचीवर चालणाऱ्या कॅपलानची पाती कमी आणि मोकळी, त्यातनं बरेच लहान मासे जिवंत बाहेर येतात, फ्रान्सिसमधे जास्त मरतात, आणि फार उंचीवरच्या पेल्टनमधनं कोण वाचायचं नाव नाही. उपाय जुनाच आहे, पाणी आत घेतात त्या तोंडाला बारीक गाळ्यांची जाळी लावायची आणि तोंड एवढं मोठं ठेवायचं की पाण्याची ओढ कमी होते आणि मासा स्वतः पोहून बाजूला जाऊ शकतो, आणि बाजूला त्याला खाली उतरायला एक छोटी वाट द्यायची. जाळीत कचरा अडकतो, रोज साफ करायला लागते, थोडी वीज कमी होते, म्हणून लोक टाळतात. धबधब्याखालच्या डोहात उन्हाळ्यात थोडं तरी वाहतं पाणी पडत राहिलं पाहिजे हे पण तेवढंच महत्त्वाचं.

चिकोडी तालुका, ऊस उत्पादक: साहेब, स्पष्ट विचारतो. माशाला पाणी सोडा म्हणताय म्हणजे आमचं पाणी तोडा म्हणताय. मार्चनंतर आम्हाला रोटेशन मिळंना झालंय आणि तुम्हाला मासा सुचालाय. माणूस मोठा की मासा?

तुमचा राग समजतो, उभं पीक वाळताना बघणं सोपं नाही. पण हिशेब करून बघू या, कारण ह्या भांडणात आकडे कोण मांडतच नाही.

समजा धरणातनं नदीत सेकंदाला एक हजार लिटर पाणी सतत सोडलं, म्हणजे एक क्युमेक, आपल्या बोलण्यात ३५ क्युसेक. मार्च, एप्रिल, मे असे ९२ दिवस, रात्रंदिवस. एकूण किती होतं? साधारण ७९ ते ८० लाख घनमीटर, म्हणजे ०.२८ टीएमसी. ५१ टीएमसीच्या धरणातलं हे अर्ध्या टक्क्याच्या जरासं वर. पाचपट सोडलं, ५ क्युमेक, तरी १.४ टीएमसी, पावणेतीन टक्के. ह्याच्याहून जास्त पाणी उन्हानं उडून जातं आणि कालव्याच्या भेगांतनं मुरतं, त्याच्यावर कोण मोर्चा काढत नाही.

आता वीज बघा. तेच एक क्युमेक पाणी ५० मीटर उंचीवरनं टर्बाइनमधनं आलं तर ४०० किलोवॅटच्या आसपास ताकद मिळते, दिवसाला साधारण १०,००० युनिट. म्हणजे माशासाठी सोडलेलं पाणी टर्बाइनमधनंच सोडलं तर वीज फुकट जात नाही, फक्त ती चोवीस तास थोडी थोडी मिळते, संध्याकाळी एकदम मिळत नाही. त्यासाठी पावर हाऊसमधे एक लहान मशीन पाहिजे कारण मोठं मशीन एवढ्याशा पाण्यावर चालत नाही. आलमट्टीचं २९० मेगावॅटचं पावर हाऊस बघा, ५५ मेगावॅटच्या ५ मशिनी आणि जोडीला १५ मेगावॅटची एक लहान, अशी रचना करता येते हे आपल्या राज्यातच दिसतंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नदीत सोडलेलं पाणी मासा पिऊन टाकत नाही हो. ते खाली जातं, काठावरच्या गावांच्या पाणी योजनांना मिळतं, लिफ्टवाल्यांना मिळतं, खाली धुपदाळच्या बंधाऱ्याला परत अडतं आणि तिथनं कालव्याला लागतं. वाटेत जनावरं पाणी पितात, विहिरींना पाझर मिळतो. तुमचं पाणी तोडून माशाला द्या असं मी म्हणत नाही, तुमच्याकडं येणारं पाणी नदीतनं, सारख्या धारेनं येऊ द्या एवढंच म्हणतोय, त्याच पाण्यावर मासा पण जगतो. दुष्काळाच्या साली प्यायच्या पाण्याचा पहिला नंबर, ह्यात वाद नाहीच, तेव्हा निदान मोठे डोह उपसून कोरडे करू नयेत, तेवढे राहिले तर पुढच्या पावसाळ्यात मासा परत पसरतो.

घटप्रभेच्या काठावरचं एक भोई कुटुंब: आमची जाळी दोन-तीन वेळा वाहून गेली. सकाळी नदी कोरडी, संध्याकाळी एकदम पाणी येतंय. लहान मासे काठाला खड्ड्यात अडकून मरत्यात. सायरन पण कधी वाजतो, कधी नाही.

तुम्ही जे लिहिलंय ते जगभरच्या वीज प्रकल्पांखालचं मोठं दुखणं आहे. विजेला मागणी जास्त असते सकाळी आणि संध्याकाळी, जलविद्युत मशीन काही मिनिटांत सुरू करता येतं म्हणून त्याच वेळेला चालवतात, मग नदी दिवसातनं दोनदा फुगते आणि दोनदा ओसरते. पिल्लं नेहमी काठाच्या उथळ पाण्यात असतात, पाणी झपकन उतरलं की ती खड्ड्यात अडकतात, ऊन तापतं, कावळे-बगळे खातात. काठाला घातलेली अंडी उघडी पडून वाळतात. दांडेलीजवळ गणेशगुडीला राफ्टिंग करायला जातात ना आपली पोरं, ते सुपा धरणाच्या पावर हाऊसमधनं पाणी सुटलं की चालतं, पाणी बंद तर राफ्टिंग बंद, काळी नदीतल्या माशाचं रोजचं जगणं पण त्याच बटणावर आहे.

आणि हे पुढं वाढणार आहे, कमी होणार नाही. कर्नाटकात सोलर भरपूर झालं, एकट्या पावगडचा पार्क २,०५० मेगावॅटचा, दिवसा वीज मिळते पण सूर्य मावळला की ती जागा भरायला जलविद्युत चालवतात. सोलर चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे, पण त्याचा भार नदीनं उचलायचा असेल तर नदीचे नियम पण ठरले पाहिजेत.

उपाय आहेत. पाणी एकदम चढवायचं-उतरवायचं नाही, हळूहळू, विशेषतः उतरवताना, कारण पिल्लू अडकतं ते उतरताना. रात्री शून्य करायचं नाही, थोडी धार कायम. आणि पावर हाऊसच्या खाली एक लहान बंधारा घेऊन त्यात लोंढा झेलायचा आणि पुढं सारखं सोडायचं, म्हणजे वीज हवी तेव्हा काढता येते आणि नदीला झटके बसत नाहीत. पाणी सोडायच्या आधी सायरन वाजवणं आणि काठच्या गावांना कळवणं, ह्याच्यात तर चर्चेचा प्रश्नच नाही, माणसं आहेत काठाला. ग्रामपंचायतीकडून धरणाच्या इंजिनिअर ऑफिसला लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी तक्रारीचं काय होत नाही.

निपाणी भागातून: वेदगंगा-दूधगंगेवर आमच्याकडं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांच्यावर वीज नाही. ते पण मासे अडवतात का?

अडवतात, पण ते चांगले पण वागू शकतात, आणि मला वाटतं ह्या सगळ्या विषयातलं शिकण्यासारखं आपल्या दारातच आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि पावसाळ्याच्या आधी काढतात. बरगे काढले की नदी मोकळी, पूर पण जातो आणि मासा पण चढतो. बांधणाऱ्यांनी हे पुराचा आणि गाळाचा विचार करून केलं, माशासाठी नाही, पण माशाला नेमकं तेच लागतं. त्याला वर्षभर मोकळी नदी मिळाली तर उत्तमच, पण नसेल तर निदान पहिल्या पावसाचे ते आठवडे मोकळे पाहिजेत. पाक मूनला एवढी भांडणं करून जे मिळालं ते आपल्या बंधाऱ्याच्या रचनेत आधीपासून आहे बघा.

गडबड कुठं होते तर बरगे काढायला उशीर होतो, जूनचा मधला आठवडा येतो तरी बरगे आतच, कारण पाऊस ओढ देईल ही भीती. भीती खरी आहे. पण मग सगळे नाही, मधले दोन-तीन गाळे तरी आधी मोकळे करा. आणि बरगे काढल्यावर गाळ्यातल्या जोराच्या पाण्यात तोंडाला जाळी लावून बसायचं, हे बंद करायला पाहिजे, अंड्यानं भरलेली मादी तिथं सापडते आणि ती एक गेली म्हणजे पुढच्या साली हजारो गेले. गावानं ठरवलं तर हे एका बैठकीत होतं. महाराष्ट्रातल्या काळम्मावाडी धरणाचं पाणी तर पावर हाऊसमधनं होऊन तुमच्याकडं येतं, तेव्हा वरची वीज, मधले बंधारे आणि खालचा मासा हे एकाच नदीचं वेळापत्रक आहे, दोन राज्यांनी मिळून ते बसवायला पाहिजे.

खानापूर, एक तरुण: मोठी धरणं वाईट हे पटतं. पण घाटातल्या नद्यांवर छोटे छोटे वीज प्रकल्प केले तर? पाणी अडवायचं नाही, नुसतं वळवायचं. ते तर ग्रीन आहे म्हणतात.

इथं मी थोडं सावध करीन. छोट्या प्रकल्पात होतं असं की वरती एक लहान बांध घालतात, पाणी पाइपात किंवा कालव्यात घेतात, डोंगराच्या कडेनं काही किलोमीटर नेऊन खाली टर्बाइनवर सोडतात. पाणी परत नदीतच येतं हे खरं, पण बांध आणि पावर हाऊस ह्यांच्या मधला जो पट्टा आहे तो डिसेंबरनंतर कोरडा पडतो. पश्चिम घाटातले खास मासे, जे दुसरीकडं कुठं मिळत नाहीत, ते ह्याच पट्ट्यातले असतात, गोटे, खळाळतं गार पाणी, झाडांची सावली. एक मोठं धरण एका जागी नदी मारतं, एकाच नदीवर पाच-सहा छोटे बसले तर ते तुकड्या तुकड्यानं सगळी नदी कोरडी करतात, आणि वीज मिळते ती मुख्यतः पावसाळ्यात, जेव्हा राज्यात तशी पण पाण्याची वीज असते.

कायद्याची अडचण पण समजून घ्या. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत २५ मेगावॅटच्या खालचे जलविद्युत प्रकल्प बसतच नाहीत, म्हणजे त्यांना पर्यावरण परिणामांचा अभ्यास नाही, जनसुनावणी नाही. म्हणून २४ मेगावॅटचे प्रकल्प निघतात. वाहतं पाणी किती ठेवायचं ह्याच्यावर गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्रानं २०१८ ला नियम काढला, कोरड्या महिन्यांत २० टक्के, मधल्या महिन्यांत २५, पावसाळ्यात ३० टक्के. कृष्णेच्या खोऱ्याला असा नियम नाही. हरित लवादानं २०१७ ला सगळ्याच नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी ठेवा म्हणून सांगितलं, पण ते मोजतो कोण?

आणि तुमच्या तालुक्यात म्हादई आहे. २०१८ च्या म्हादई पाणी लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळालं असं आपण पेपरात वाचतो, त्यातलं ८.०२ टीएमसी हे विजेसाठी आहे, मलप्रभेत वळवायचं पाणी ३.९० टीएमसी, हे फार थोड्यांना माहीत असतं. सगळी चर्चा पाणी वळवायच्या कळसा-भंडुरा योजनेवर होते. वीज प्रकल्प झाला तर तो भीमगड अभयारण्याच्या परिसरातल्या नदीवर येतो, आणि तीच नदी पुढं गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. माझं म्हणणं सरळ आहे, हिडकल, नविलुतीर्थ, सुपा ही झालेली धरणं आहेत, त्यांच्यातनं जास्तीत जास्त वीज नीट काढा, जुनी मशीनं बदला, लहान युनिटं जोडा, पण ज्या थोड्या नद्या अजून मोकळ्या वाहतायत त्यांना हात लावू नका. एकदा तुटलेली नदी परत जोडायला किती लागतं ते पुढच्या प्रश्नात बघा.

बेळगावहून एक निवृत्त इंजिनिअर: अमेरिकेत धरणं पाडतायत असं वाचतो. आपण पण पाडायची का?

नाही, आपल्याकडं हिडकल पाडा असं कोण शहाणा म्हणणार नाही, लाखो एकर त्याच्यावर आहे. पण तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून पेनॉब्स्कॉट नदीचं उदाहरण तुम्हाला आवडेल. मेन राज्यातली ही नदी, तिथं समुद्राच्या बाजूची दोन धरणं २०१२ आणि २०१३ मधे पाडली, तिसऱ्याला बाजूनं माशांची वाट काढली, आणि बदल्यात बाकीच्या धरणांवर जास्त वीज काढायची परवानगी दिली. एकूण वीज कमी झाली नाही, आणि मासे वरपर्यंत जायला लागले. म्हणजे कुठलं धरण माशाला जास्त नडतं आणि वीज कमी देतं ते शोधायचं, आणि कुठलं वीज भरपूर देतं आणि माशाला कमी नडतं तिथं जोर द्यायचा. सगळं खोरं एकत्र बघितलं तरच हे सुचतं, एकेका प्रकल्पाची फाइल वेगवेगळी बघून नाही. क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढायचं काम २०२४ ला पुरं झालं तर त्याच साली सॅमन वर गेले. आपल्याकडं पडीक झालेले, गाळानं भरलेले, कुणाच्याच उपयोगाचे नसलेले बंधारे आहेत की, सुरुवात तिथनं करता येईल.

रायबागहून: दर वर्षी सरकार धरणात मत्स्यबीज सोडतंय. मग नुकसान भरून निघतं की नाही?

धंदा भरून निघतो, नदी नाही. सोडतात ते कटला, रोहू, मृगळ, हे मूळ गंगेकडचे मासे, साठलेल्या पाण्यात वाढतात, मत्स्य सोसायट्यांना उत्पन्न मिळतं, ते चालू राहावं. पण आपला खडशी, म्हणजे दख्खनचा महाशीर, त्याला गोट्यांवरनं वाहणारं स्वच्छ पाणी लागतं, ते बीज सोडून मिळत नाही. उलट घाईनं कुठलाही मासा कुठंही सोडला तर काय होतं ते कावेरीत दिसलं, लोणावळ्याच्या केंद्रातल्या बीजापासून वाढलेला आपला हाच महाशीर तिथं सोडला गेला आणि कावेरीचा स्वतःचा मोठा कुबडा महाशीर आज नष्ट व्हायच्या काठावर आहे, ह्या नव्या पाहुण्याचा त्यात वाटा आहे असं अभ्यासक म्हणतात. चिलापी (तिलापिया) तर १९५२ ला देशात आणली, आता कुठल्या धरणात नाही ते सांगा.

संकेश्वर: हिरण्यकेशीत नवीन मासा सापडला म्हणतात, खरं का?

खरं आहे. आंबोलीत नदीच्या उगमाजवळ, देवळाच्या कुंडात, २०२० ला नवीन जात म्हणून नोंद झाली, नाव पण नदीवरनंच दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. बोटाएवढा मासा. २०२१ ला महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तुमच्या गावावरनं वाहणारी हीच नदी.

अथणीहून: पहिल्या पावसात नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो. धरणातनं सोडलेल्या पाण्यानं होतं का?

बहुतेक वेळा नाही. उन्हाळाभर ओढ्यात, गटारात साठलेली घाण, मळीचं पाणी, शेतातली औषधं पहिल्या पावसानं एकदम नदीत येतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे तोंड वर काढून मरतात. धरणाचा संबंध एवढाच की नदीत आधीपासून वाहतं पाणी असतं तर घाण पातळ झाली असती. असे मासे खाऊ नका, बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन तारीख-वेळ लिहून त्याच दिवशी प्रदूषण मंडळाकडं द्या, दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही.

यळ्ळूरहून आणि आणखी बऱ्याच जणांचा: आम्ही साधी माणसं, आम्ही काय करू शकतो?

पहिलं म्हणजे माहिती मिळवा, कारण नदीत रोज किती पाणी सुटतं हे लिहून ठेवलेलं असतं, फक्त कोण मागत नाही. माहिती अधिकारात धरणाच्या ऑफिसला विचारा: मागच्या साली मार्च ते जूनपर्यंत रोज नदीत किती क्युसेक सोडलं, कुठल्या तासाला, किती दिवस शून्य होतं. अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करायचा, शेजारचा कोण कन्नड मित्र मदत करतोच. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत लिहायला लागतं, फी १० रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे.

दुसरं, सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. उन्हाळ्यात डोहात ब्लिचिंग पावडर टाकणारा दिसला तर तो आपल्या गावचा आहे म्हणून गप्प बसू नका. आणि गावातला एखादा मोठा डोह, देवळाजवळचा असेल तर अजून बरं, ग्रामसभेत ठराव करून तिथं मासेमारी बंद ठेवा. शृंगेरीला तुंगेत, शिशिलाला कपिला नदीत देवाचे मासे म्हणून लोकांनी महाशीर राखलेत.

मिळालेली माहिती आमच्याकडं पण पाठवा. घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा अशा नदीवार तक्ता करून पुढच्या अंकात छापू.